पुठ्ठ्याचे खांब, खरे दंड

इटलीत 1958 ते 1965 या सात-आठ वर्षांत एका विशिष्ट घाटाचे दीडशेच्या वर चित्रपट निघाले. काळ प्राचीन, पण नक्की कोणता ते विचारायचं नाही. एक सुपीक राज्य, त्यावर जबरदस्तीने बसलेला राजा किंवा राणी, खाणीत आणि चक्कीवर राबणारी प्रजा. मग कुठून तरी उघड्या अंगाचा एक पैलवान येतो, साखळ्या तोडतो, खांब पाडतो, प्रजेला मोकळं करतो आणि पुढच्या गावाला निघून जातो. त्याचं नाव कधी हर्क्युलिस, कधी माचिस्ते, कधी उर्सुस, सॅमसन किंवा गोलायथ. फ्रेंच समीक्षकांनी या चित्रपटांना ‘पेप्लम’ म्हटलं आणि आता जगभर तेच नाव रूढ आहे.

चित्रपटांच्या इतिहासात या सगळ्या पसाऱ्याला सहसा एखादा परिच्छेद मिळतो आणि तोही दुसऱ्याच कुणाच्या कामाला जुंपलेला असतो. सर्जिओ लिओने वेस्टर्नकडे वळण्याआधी कुठे शिकला, तर इथे. मारिओ बाव्हा भयपटांचा उस्ताद होण्याआधी कुठे हात साफ करत होता, तर इथे. हे खरं आहे. पण त्यामुळे पेप्लम म्हणजे मोठ्या माणसांची उमेदवारीची जागा एवढीच त्याची किंमत ठरते, आणि ते मला मान्य नाही. या चित्रपटांचा स्वतःचा प्रेक्षक होता, स्वतःचा विषय होता, आणि त्यांतले निदान पाच-सहा चित्रपट कुठल्याही तराजूत उभे राहतील असे आहेत.

मुळं शोधायची तर 1914 पर्यंत मागे जावं लागतं. जोव्हान्नी पास्त्रोनेचा ‘काबिरिया’ हा मूकपट त्या वर्षी आला. कार्थेज आणि रोम यांच्या युद्धाची ही भव्य कथा, तिच्या पाट्या कवी गाब्रिएले द’आनुन्त्सिओच्या नावावर. त्यात रोमन सरदाराचा एक धिप्पाड गुलाम आहे, माचिस्ते. ही भूमिका पास्त्रोनेने बार्तोलोमेओ पागानोला दिली. हा जेनोवाच्या बंदरात माल वाहणारा गोदी कामगार, नट वगैरे अजिबात नव्हता. चित्रपटाचे नायक-नायिका लोक विसरले, माचिस्तेला विसरले नाहीत. पुढची बारा-तेरा वर्षं पागानो माचिस्तेच करत राहिला: कधी डिटेक्टिव्हगिरीत, कधी पहिल्या महायुद्धात आल्प्सच्या आघाडीवर, कधी थेट नरकात. ‘माचिस्ते नरकात’ हा आपण पाहिलेला पहिला सिनेमा, असं फेदेरिको फेलिनी नेहमी सांगत असे. ‘काबिरिया’मधला माचिस्ते आफ्रिकी गुलाम आहे, पागानोने अंगाला काळा रंग फासला होता, 1915 पासूनच्या चित्रपटांत मात्र तो सरळ गोरा इटालियन झाला. या बदलाकडे पुन्हा यावं लागेल.

मूकपट संपले, माचिस्ते मागे पडला. दुसऱ्या महायुद्धानंतर प्राचीन काळ पुन्हा पडद्यावर आला तो मोठ्या पैशाच्या जोरावर. मुसोलिनीच्या राजवटीत 1937 साली रोमजवळ उभा राहिलेला चिनेचित्ता स्टुडिओ हॉलीवूडने भाड्याने घ्यायला सुरुवात केली होती. एमजीएमचा 1951 चा ‘क्वो व्हादिस’ तिथेच घडला, 1959 चा ‘बेन-हर’ही. अमेरिकन कंपन्या आल्या की हजारो सुतार, शिंपी, गवंडी, घोडेवाले आणि एक्स्ट्रा कामाला लागत. त्या गेल्या की ढाली, शिरस्त्राणं, रथ, खांब आणि ते बनवणारे कसबी हात मागे राहत. ही सामग्री आणि हे कसब नसतं तर पेप्लम शक्यच नव्हतं.

यातून पहिली मोठी उडी घेतली पिएत्रो फ्रान्चिशीने. हर्क्युलिसवर चित्रपट करायचा हे त्याच्या डोक्यात होतं, पण हर्क्युलिस सापडत नव्हता. त्याच्या मुलीने ‘अथेना’ हा अमेरिकन संगीतपट पाहिला आणि त्यातल्या एका देखण्या शरीरसौष्ठवपटूचं नाव वडिलांना सांगितलं, अशी हकिगत आहे. तो स्टीव्ह रीव्ह्ज, माँटाना राज्यातल्या ग्लासगो गावचा, 1947 चा मिस्टर अमेरिका, 1950 चा मिस्टर युनिव्हर्स. फ्रान्चिशीचा ‘हर्क्युलिस’ 1958 च्या सुरुवातीला इटलीत लागला आणि तुफान चालला. छायाचित्रण आणि ट्रिक-कामाची जबाबदारी मारिओ बाव्हाकडे होती.

या चित्रपटाची पहिली काही मिनिटं आजही अभ्यासण्यासारखी आहेत. राजकन्या इओलेचा रथ बेफाम उधळला आहे, समोर समुद्राचा कडा. आपल्याला आधी नायक दिसत नाही; एक झाड हलताना दिसतं. ते मुळासकट वर येतं, घोड्यांच्या वाटेत आडवं पडतं, रथ थांबतो. मग रीव्ह्ज. संवाद एकही नाही, आणि या माणसाबद्दल जे कळायला हवं ते कळून चुकलेलं असतं. शेवटही तितकाच साधा. महालाच्या दोन खांबांना बांधलेल्या साखळ्या तो हातांना गुंडाळतो, ओढतो, आणि चालून येणाऱ्या सैनिकांवर सबंध महालाचं दर्शनी छत कोसळतं. खांब खोटे आहेत हे प्रेक्षकाला ठाऊक असतं. ताणलेली पाठ आणि दंड खरे आहेत हेही ठाऊक असतं. या प्रकारच्या चित्रपटांचा सगळा खेळ या दोन गोष्टींमधल्या फरकावर उभा आहे. नगरं पुठ्ठ्याची, खडक कागदाचे, राक्षस रबराचा, नटाचा आवाजसुद्धा दुसऱ्याचा. पडद्यावर खरं एकच, ते शरीर. निर्मात्याकडे पैसा नव्हता, म्हणून त्याने जे विकत आणता आलं ते खरंखुरं आणलं.

त्या वेळचा इटालियन प्रेक्षक ध्यानात घेतल्याशिवाय याचा अर्थ लागत नाही. इटलीत 1955 साली 81 कोटी 90 लाख सिनेमा-तिकिटं विकली गेली; तो त्या देशाचा उच्चांक. थिएटरांच्या फळ्या होत्या. पहिल्या फळीची मोठ्या शहरांतली महागडी, दुसऱ्या-तिसऱ्या फळीची उपनगरांत, तालुक्याच्या गावांत, दक्षिणेतल्या खेड्यांत. शिवाय चर्चच्या आवारातले सिनेमा-हॉल वेगळेच. तिथे चित्रपट उशिरा पोचे, तिकीट स्वस्त असे, आणि एकच प्रिंट वर्षानुवर्षं फिरत राही. पेप्लमची कमाई मुख्यतः या खालच्या फळ्यांतून झाली. तिथला प्रेक्षक शेतमजूर होता, गवंडी होता, गोदीवर हमाली करणारा होता, आणि नेमक्या याच वर्षांत तो गाव सोडून तोरिनो-मिलानच्या कारखान्यांत भरती होत होता. इटलीचा ‘आर्थिक चमत्कार’ म्हणतात तो हाच काळ. अंगातल्या ताकदीला गावात जो मान होता, तो यंत्रासमोर उरला नव्हता.

ब्रिटिश अभ्यासक रिचर्ड डायर यांनी ‘व्हाइट’ या 1997 च्या पुस्तकात पेप्लमचा विचार या अंगाने केला आहे, आणि मला तो पटतो. मी त्यात एक निरीक्षण जोडेन. या चित्रपटांत पैलवान तलवार फार कमी वापरतो. तो कशाने लढतो ते पाहा: साखळी, जू, गाडीचं चाक, तुळई, झाडाचा बुंधा, दगड. म्हणजे राबणाऱ्या माणसाच्या हाताला रोज लागणाऱ्या वस्तू. त्याला शिक्षा म्हणून जे काही करायला लावतात तेही मजुरीचंच रूप असतं. चक्की ओढायला लावतात, खाली येणारं छत खांद्यावर तोलायला लावतात, दोन बाजूंना घोडे बांधून मध्ये ताणतात. आणि प्रत्येक वेळी छळाचं साधनच तो हत्यार म्हणून उलटवतो. मजुरी करणाऱ्या प्रेक्षकाला हे समजावून सांगावं लागत नसणार. दिग्दर्शक दोमेनिको पाओलेल्ला याने 1965 साली एका फ्रेंच मासिकात या चित्रपटांवर लिहिताना ‘गरिबांचं मनोविश्लेषण’ असा मथळा वापरला होता. दिग्दर्शकांना आपण कुणासाठी काम करतो आहोत ते नीट माहीत होतं, याचा हा पुरावा.

कामाची पद्धत काटकसरीची, पण अडाणी मुळीच नव्हती. शूटिंग मूक व्हायचं, संवाद नंतर भरले जायचे. त्यामुळे अमेरिकन नायक, क्यूबन नर्तिका, फ्रेंच नायिका आणि रोमचा खलनायक एकाच दृश्यात आपापल्या भाषेत बोलले तरी अडत नसे. एका चित्रपटासाठी उभारलेल्या सेटवर लगेच दुसरा उरकला जाई. रिकार्दो फ्रेदाने 1961 साली ‘माचिस्ते महाखानाच्या दरबारात’ केला तो मार्को पोलोवरच्या चित्रपटाचा उरलेला चिनी सेट हाताशी होता म्हणून. रोमच्या उत्तरेला मोन्ते जेलातोचे छोटे धबधबे आहेत. पाच-सहा पेप्लम ओळीने पाहिले की ते ओळखीचे होतात, कारण नायिका पाण्यात पाय सोडून बसते ती जवळजवळ दर वेळी तिथेच. आन्त्सिओजवळचा तोर काल्दाराचा किनाराही तसाच. फ्रान्सशी, पुढे स्पेन आणि युगोस्लाव्हियाशी भागीदारीत चित्रपट होत, त्यामुळे खर्च वाटला जाई आणि घोडदळासाठी माणसं मिळत. या धबडग्यात कार्लो राम्बाल्दीसारखा कारागीर तयार झाला. 1957 च्या ‘सिग्फ्रिड’मधला ड्रॅगन आणि 1963 च्या पर्सियसवरच्या चित्रपटातली मेदूसा त्याची. पुढे ‘किंग काँग’, ‘एलियन’ आणि ‘ई.टी.’साठी तीन ऑस्कर त्याला मिळाले.

पण काटकसर एक गोष्ट आणि तिच्यातून निघालेली कला दुसरी. ती पाहायची तर बाव्हाचा 1961 चा ‘हर्क्युलिस पृथ्वीच्या पोटात’ पाहावा. यात हर्क्युलिस आहे इंग्लंडचा रेज पार्क. हा 1950 च्या मिस्टर युनिव्हर्समध्ये रीव्ह्जच्या मागे राहिला आणि पुढच्या वर्षी तोच किताब घेऊन गेला. रीव्ह्ज पुतळ्यासारखा रेखीव, पार्क डोंगरासारखा. त्याची प्रिया देइआनिरा भ्रमिष्ट झाली आहे, तिला बरं करण्यासाठी त्याला पाताळात जायचं आहे, आणि तिला भ्रमिष्ट करणारा काका म्हणजे क्रिस्टोफर ली. सेट म्हणावा तर चार सरकते खांब आणि दारं-खिडक्यांची एक भिंत, ती फिरवून-फिरवून वापरली, असं बाव्हा सांगत असे. पडद्यावर मात्र सबंध पाताळ उभं राहतं, कारण बाव्हा बांधकाम प्रकाशाने करतो. लाल, हिरवा, जांभळा, सोनेरी असे रंगीत जिलेटिन कागद दिव्यांवर लावून तो एकाच खडकाचे चार खडक करतो. धुराने जमीन झाकतो म्हणजे जमीन बांधावी लागत नाही. एका प्रसंगात लीचा चेहरा सांडलेल्या रक्ताच्या थारोळ्यात दिसतो. शेवटी थडगी उघडतात, जाळ्याजळमटांत गुंडाळलेली प्रेतं हवेत तरंगत येतात आणि पार्क त्यांच्यावर शिळा भिरकावतो. त्या शिळा हलक्या आहेत हे कळतं, आणि तरी ते दृश्य स्वप्नासारखं अंगावर येतं. पैसे असते तर बाव्हाने खरी गुहा शोधली असती आणि हा चित्रपट इतका चांगला झाला नसता, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

व्हित्तोरिओ कोत्ताफावीची वाट निराळी. त्याचा ‘हर्क्युलिस आणि अटलांटिस’, तोही 1961 चा, तोही पार्कबरोबर. सुरुवात एका खानावळीत होते. तुफान हाणामारी चालू आहे, माणसं टेबलांवरून उडताहेत, आणि हर्क्युलिस मधोमध बसून शांतपणे जेवतो आहे. कोत्ताफावीचा हर्क्युलिस आळशी आहे. त्याला घर, बायको, जेवण आणि झोप हवी आहे. मोहिमेवर त्याला झोपेचं औषध पाजून न्यावं लागतं. राजेलोक सभेत युद्धाच्या गोष्टी करतात आणि एकेक करून अंग काढून घेतात. त्यांतला स्पार्टाचा राजा म्हणजे पुढे फार मोठा झालेला नट जान मारिया व्होलोन्ते. मग अटलांटिस. राणी आन्तिनेआकडे युरेनस देवाच्या रक्ताचा एक दगड आहे. त्याच्या किरणांतून ती काळ्या गणवेशातले, सोनेरी केसांचे, एकसारख्या चेहऱ्याचे सैनिक घडवते; जे बिघडतात त्यांना खड्ड्यात फेकून देते. हिरोशिमाला सोळा वर्षं झाली होती आणि जर्मन सैन्य रोममधून जाऊन सतरा. मुलांसाठीचा समजला जाणारा हा चित्रपट अणुशक्ती आणि वंशशुद्धी या दोन्ही गोष्टी एकाच दगडात बसवतो आणि त्यासाठी एकही भाषण देत नाही. गंभीर म्हणून गौरवलेल्या किती चित्रपटांना हे इतकं नेमकं साधलं?

फ्रेदा तिसरा. अलेक्झांड्रियात जन्मलेला, वेगाने काम करणारा, घोडेस्वारीची दृश्यं कुणीही हेवा करावा अशी घेणारा. त्याने 1962 साली ‘माचिस्ते नरकात’ पुन्हा केला. त्यात सतराव्या शतकातल्या स्कॉटलंडमध्ये चेटकीण जाळली जात असताना माचिस्ते लंगोटावरच घोड्यावरून येतो. कुणी चकित होत नाही, कुणी स्पष्टीकरण मागत नाही. नरकाचे प्रसंग पुलियातल्या कास्तेल्लानाच्या खऱ्या गुहांत घेतले आहेत. माचिस्तेला काळ-वेळ नव्हतीच; तो तेराव्या शतकातल्या चीनमध्ये जाई, झोरोशी लढे, 1964 साली चंद्रावरून आलेल्या माणसांशीही लढला.

बाकीचा ढीग? त्यातला बराचसा वाईट आहे, हे मान्य करायलाच हवं. पटकथा एकमेकींच्या नकला. लढाया दुसऱ्या चित्रपटांतून कापून घेतलेल्या, त्यामुळे रात्रीची चढाई अचानक भर दुपारी होते. मधेच दरबारातला नाच येतो आणि गोष्ट दहा मिनिटं थांबते. नायिकांचे दोनच साचे: पांढऱ्या वस्त्रातली सोज्ज्वळ मुलगी आणि गडद वस्त्रातली राणी. त्यातल्या त्यात राण्यांच्या वाट्याला अभिनय आला. ‘हर्क्युलिस’मधली ॲमेझॉनांची राणी जान्ना मारिया कानाले, पुढच्या भागातली ऑम्फाले झालेली सिल्व्हिया लोपेझ, क्यूबाची चेलो अलोन्सो यांच्यामुळे कित्येक चित्रपट सुसह्य होतात. लोपेझ तर त्या चित्रपटानंतर त्याच वर्षी, 1959 साली, रक्ताच्या कर्करोगाने गेली.

साच्यापेक्षा गंभीर दोष वर्णाचा. पागानोच्या माचिस्तेचा काळा रंग पुसला गेला तो कायमचा. पन्नास-साठच्या दशकांतला पैलवान गोरा, अंगाला तेल लावलेला. आफ्रिकेत किंवा पूर्वेकडे घडणाऱ्या कथांत स्थानिक माणसं असहाय्य किंवा क्रूर, आणि त्यांना सोडवणारा बाहेरून आलेला हा एकटा. इटलीच्या हातून वसाहती जाऊन फार वर्षं झाली नव्हती. जुलमी राजाला लोकांनी स्वतः एकत्र येऊन उलथवल्याचं क्वचितच दिसतं, एक बलवान येतो तेव्हाच ते उठतात. छाती उघडी टाकून धान्य मळणाऱ्या मुसोलिनीची छायाचित्रं ज्यांनी लहानपणी पाहिली होती त्या प्रेक्षकाला हे चित्र अपरिचित नव्हतं. एक फरक मात्र राहतो आणि तो मला मोलाचा वाटतो: पेप्लमचा बलवान सिंहासनावर बसत नाही. राज्य ज्याचं त्याला देऊन तो जातो.

अमेरिकेत हे लोण जोसेफ लिव्हाइनने नेलं. ‘हर्क्युलिस’चे हक्क त्याने सुमारे 1 लाख 20 हजार डॉलरला घेतले, जाहिरातीवर दहा लाखांच्या वर खर्च केला आणि 1959 च्या उन्हाळ्यात एकदम सहाशे प्रिंट लावल्या. एवढ्या प्रिंट एका वेळी लावणं तेव्हा नवलाचं होतं. आज सगळी दुनिया तेच करते. त्या यशानंतर व्यायामशाळेतल्या तरुणांची रोमकडे रीघ लागली: मार्क फॉरेस्ट, गॉर्डन मिचेल, ब्रॅड हॅरिस, एड फ्युरी, टारझन करून आलेला गॉर्डन स्कॉट. उलट इटालियन पोरांना अमेरिकन नावं घ्यावी लागली. व्हेनिसचा आद्रियानो बेल्लिनी किर्क मॉरिस झाला, रीव्ह्जच्या जागी धोक्याची दृश्यं करणारा सर्जिओ चानी ॲलन स्टील झाला. माचिस्ते अमेरिकेत कुणाला माहीत नव्हता, म्हणून तिथे त्याचा हर्क्युलिस, सॅमसन किंवा अ‍ॅटलस करण्यात आला. ऑस्ट्रियातल्या एका मुलाने पडद्यावर रेज पार्क पाहिला आणि त्याच्यासारखं व्हायचं ठरवलं. त्या मुलाचं नाव अरनॉल्ड श्वार्झनेगर.

मुंबईतही हा वारा पोचला. ‘हर्क्युलिस’ आणि ‘सॅमसन’ या नावांचे हिंदी चित्रपट 1964 साली निघाले, दोन्हींत दारा सिंग. त्याआधी 1962 मध्ये बाबूभाई मिस्त्रींचा ‘किंग काँग’, 1963 मध्ये ‘फौलाद’. यांनाही ‘बी ग्रेड’ म्हणून बाजूला सारण्यात आलं आणि यांचाही प्रेक्षक पुढच्या स्वस्त रांगांत बसणारा होता. फरक शरीराचा. रीव्ह्जचं शरीर आरशासमोर, एकेक स्नायू वेगळा दिसावा म्हणून घडवलेलं. दारा सिंगचं मातीतलं, समोरच्याला पाडण्यासाठी कमावलेलं. म्हणून इटालियन कॅमेरा नायकाला थांबवून दाखवतो आणि मुंबईचा कॅमेरा डाव कधी लागतो याची वाट पाहतो. कोल्हापूर-सांगलीकडच्या ज्या वाचकांनी आखाडे पाहिले आहेत त्यांना हा भेद पहिल्या रिळात कळेल.

शेवट झटपट झाला. एका वर्षात इतके चित्रपट की थिएटरवाले कंटाळले. ‘सदोम आणि गमोरा’ व ‘द लेपर्ड’ या महागड्या चित्रपटांच्या ओझ्याखाली तितानुस ही मोठी कंपनी निर्मितीतून बाहेर पडली. 1964 च्या शरदात लिओनेचा ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ लागला आणि त्याच घोड्यांवर, त्याच स्टंटवाल्यांच्या अंगावर वर्षभरात काउबॉयचे कपडे चढले. कोर्बुची, तेस्सारी असे दिग्दर्शक सगळे तिकडे गेले. लिओनेच्या त्या चित्रपटातली नायकाची भूमिका आपल्याला आधी देऊ केली होती आणि आपण नाकारली, असं रीव्ह्ज सांगत असे. ‘पॉम्पेईचे अखेरचे दिवस’च्या चित्रणात रथ झाडावर आदळून त्याचा खांदा निखळला होता, ते दुखणं वाढत गेलं आणि 1968 नंतर तो कॅलिफोर्नियात घोडे पाळत राहिला. 2000 साली तो वारला.

या चित्रपटांची जी टिंगल झाली तिच्यात प्रिंटांचा दोष फार मोठा आहे. रुंद पडद्यासाठी रचलेली दृश्यं टीव्हीच्या चौकोनात बसवताना दोन्ही बाजू कापल्या गेल्या, रंग उडून सगळं गुलाबी झालं, संगीत बदललं, इंग्रजी संवाद भलत्यानेच लिहिले. अमेरिकेत ‘हर्क्युलिसचे पुत्र’ या मालिकेखाली निरनिराळे चित्रपट एकाच शीर्षकगीताला बांधून दाखवले गेले, आणि पुढे टिंगलीच्या कार्यक्रमांनी याच प्रती वापरल्या. बाव्हाचा लाल रंग विटकरी दिसत असेल आणि कोत्ताफावीच्या चौकटीतून अर्धी माणसं गायब असतील, तर निकाल कशावर द्यायचा? गेल्या काही वर्षांत निवडक चित्रपटांच्या पूर्ण रुंदीच्या, रंग सुधारलेल्या प्रती निघाल्या आहेत. बघायला बसायचं तर आधी बाव्हाचा पाताळवाला हर्क्युलिस, मग कोत्ताफावीचा अटलांटिस, मग फ्रान्चिशीचे रीव्ह्जबरोबरचे दोन, आणि त्यानंतर दुच्चो तेस्सारीचा 1962 चा ‘टायटन आले’. त्यात जुल्यानो जेम्मा ताकदीपेक्षा चपळाईने लढतो आणि या प्रकारचा पुढचा रस्ता कसा असू शकला असता तेही दिसतं. शक्य असेल तर इटालियन आवाजात, आणि जमेल तेवढ्या मोठ्या पडद्यावर.